ठेवू नका हं, देते जोडून

आधीच सांगते, या सदरातले गूढ अनुभव मी आजवर फक्त चुका काढण्यासाठी वाचत आले. पांढरी साडी, पायांचे आवाज, पैंजण... आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला जागा देतो, एवढाच आमचा शकुनाशी संबंध. शिवाय माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, आणि ते शोधून काढल्याशिवाय मी जेवत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच थोडी गंमत वाटतेय.

आम्ही खडकीचे. आई तिथल्याच एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. बाहेरचा फोन आला की तो घ्यायचा आणि आत हव्या त्या माणसाला जोडून द्यायचा, हे तिनं रिटायर होईपर्यंत केलं. तिचं ठरलेलं वाक्य होतं, ‘ठेवू नका हं, देते जोडून.’ घरी कुकरची शिट्टी होत असताना कुणी हाक मारली तरी तोंडून तेच निघायचं. त्यांच्या एक्स्चेंजमध्ये एक शिस्त होती. पाळी बदलताना हेडफोन टेबलावर ठेवायचा नाही, पुढच्या बाईच्या हातात द्यायचा. ती आली नाही तर आपण उठायचं नाही. एकदा बाकीच्या तिघी आल्याच नाहीत, तेव्हा आईनं दिवसभर अख्खा बोर्ड एकटीनं सांभाळला होता. साहेबांनी खाली येऊन विचारलं होतं, “एकटीनं?” हा किस्सा आम्ही इतक्यांदा ऐकलाय की अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्या आधीच शेवट सांगून टाकायचे.

मी नोकरीला लागले तेव्हा तिनं विचारलं, “म्हणजे करतेस काय तू नेमकं?” मी सांगितलं, सर्व्हरचा पत्ता म्हणजे कारखान्याचा नंबर, आणि पोर्ट म्हणजे आतलं एक्स्टेन्शन. कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या पोर्टवर मशीननं कान द्यायचा, हे एका फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. त्या ओळीचा पहिला शब्दच ‘लिसन’. ती ओळ चुकली तर मशीन चालू असतं, पण बाहेरच्यांसाठी कुणी फोनच उचलत नाही. आई म्हणाली, “मग सरळ ऑपरेटर म्हण की. इंजिनिअर कशाला म्हणवतेस?” पण शेजारणींना मात्र ती ‘आमच्या घराण्यात दुसरी पिढी लाइनवर आहे’ असं मान ताठ करून सांगायची.

आता तो दिवस. आईचं वर्षश्राद्ध होतं, घरीच. मी रजा टाकली होती. नारायण पेठेतल्या एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे, त्यांच्या वेबसाइटचं काम मी हौसेनं बघते. खेड्यापाड्यातल्या मुली तिथे राहून शिकतात. नेमका त्याच दिवशी संध्याकाळी पाचला प्रवेशाचे फॉर्म बंद होणार होते. फॉर्म भरला नाही तर जागा नाही, आणि जागा नाही तर बऱ्याच जणींचं कॉलेजच नाही... पुण्यात खोली घेऊन मुलीला ठेवणं त्या घरांना झेपणारं नसतं.

सकाळी साइटचं सुरक्षा-सर्टिफिकेट बदलायचं होतं. छोटं काम. आईच्या खोलीत बसून मी लॅपटॉपवरून सर्व्हरमध्ये शिरले. असं काही बदलताना मी आधी मशीनला फक्त स्वतःच्या आतल्या पत्त्यावर ऐकायला लावते – १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे मशीननं स्वतःशीच बोलणं. बाहेरच्या कुणालाही तिथे पोचता येत नाही. आतून सगळं तपासायचं आणि मग ओळ पुन्हा बदलून दार जगाला उघडायचं. तपासलं. आतून साइट झकास उघडली. तेवढ्यात बाहेरून अण्णांचा आवाज, “गुरुजी आलेत. पाट मांडलेत. तुझी वाट बघायची का आईनं?” मी उठले. घरातले सगळे मोबाइल अण्णांनी बंद करून टोपलीत ठेवले होते.

पिंडदान, पानं, मग माणसांची जेवणं. नंतर आईच्या दोन जुन्या मैत्रिणी बोलत बसल्या. साडेचार वाजून गेल्यावर मी सहज लॅपटॉप उघडला आणि ती ओळ समोरच दिसली. १२७.०.०.१. मी ती परत बदललीच नव्हती.

मोबाइल चालू करून साइट उघडून पाहिली. नाही उघडली. म्हणजे सकाळपासून मशीन स्वतःशीच पुटपुटत बसलं होतं आणि बाहेर शेवटच्या दिवशी मुली बंद दारावर थापा मारत होत्या. ओळ बदलली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, साइट उघडली. मग किती मुली हुकल्या ते बघायला फॉर्म काढले...

फॉर्म आलेले होते. सकाळी मी लॅपटॉपवरून उठले तेव्हापासून एकसारखे. शंभराच्या वर.

संस्थेच्या ऑफिसात साठेकाकांना फोन लावला. “काका, आज साइट बंद असल्याची तक्रार आली का कुणाची?”

“तक्रार? दर वर्षी शेवटच्या दिवशी कान किटतात. आज एक फोन नाही. बिल भरायचं राहिलं की काय म्हणून दोनदा उचलून पाहिला. चालू आहे.”

दुसऱ्या दिवशी कंपनीत माझ्या सीनियरला सगळं दाखवलं. हा माणूस स्वतःच्या घड्याळावरही विश्वास ठेवत नाही. त्यानं तासभर खोदकाम केलं. बाहेरचं जग आणि सर्व्हर यांच्या मध्ये दुसरं मशीन नाही. सकाळच्या बदलानंतर सर्व्हर नीट रीस्टार्ट झालेला, म्हणजे दार खरंच बंद होतं. माझ्याशिवाय कुणी आत शिरलेलं नाही. मग त्यानं भेट देणाऱ्यांचे पत्ते पाहिले. एरवी तिथे गावोगावचे पत्ते दिसतात. त्या दिवशी प्रत्येक फॉर्मपुढे एकच होता, १२७.०.०.१.

“म्हणजे आत कुणीतरी बसून बाहेरची प्रत्येक लाइन घेत होतं आणि आत देत होतं,” तो म्हणाला. “त्यासाठी एक प्रोग्रॅम लागतो. तो इथे नाहीये. कुठे लपवलायस?”

बाहेरची लाइन घ्यायची आणि आत द्यायची, हे काम कुणाचं ते मला माहीत होतं. पण एवढ्यावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. काहीतरी सुटलंय, सापडेल, असंच म्हणत होते.

मग पुढच्या आठवड्यात कागदपत्रं तपासायच्या दिवशी मी संस्थेत गेले. पारनेरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. मुलीला जागा मिळाली होती. कागद दिल्यावरही ते घुटमळत राहिले, मग साठेकाकांना म्हणाले, “त्या फोनवरच्या बाई हायेत का? भेटायचं हुतं.”

“आमच्याकडे बाई नाहीत. मी आहे, तोही नाइलाजानं.”

“असं कसं? साइट उघडंना म्हणून पत्रकावरल्या नंबरला लावला मी. बाईंनीच उचलला. म्हनल्या, ठेवू नका हं, देते जोडून. म्हनलं, जोडून काय देता, पोरीचा फारम भरायचाय. तर म्हनल्या, कळलं मला, पोरीला म्हणावं आता बघ. अन् उघडलं बगा लगेच. मागं लई फोन वाजत हुते त्यांच्या. तरी बोलन्यात घाई न्हाई.”

साठेकाका माझ्याकडे बघायला लागले. मला भीती अजिबात वाटली नाही, हे मुद्दाम लिहिते. छाती भरून आली होती. ते गृहस्थ म्हणाले, “ताई, तुमच्या वळखीच्या असतील तर सांगा त्यान्ला, पोरीचं काम झालं.”

“सांगते,” मी म्हटलं.

आजही याचं कारण मला सापडलेलं नाही. सीनियर अजून अधूनमधून एखादी शक्यता घेऊन येतो. आम्ही तपासतो आणि ती खोटी ठरते. तुमच्यापैकी कुणाला सर्व्हरमधलं कळत असेल तर जरूर सांगा. मी ऐकून घेईन, पण फार आशा ठेवू नका.

त्या संध्याकाळी घरी जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वर्ष झालं जाऊन, तरी ही बाई रिटायर व्हायला तयार नाही.” चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “किती जोडले म्हणालीस?”

“शंभराच्या वर.”

“एकटीनं?”

“एकटीनं,” मी म्हटलं.