डोळ्यांच्या फोटोंची रांग

विष्णुपुरीच्या कॉलेजातून मी इंजिनिअर होऊन बाहेर पडले आणि नांदेडमध्येच एका छोट्या संस्थेत लागले. साखरेच्या आजारात डोळा आतून खराब होत जातो आणि माणसाला ते बरेच दिवस कळतही नाही. म्हणून आमची संस्था खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांना डोळ्याच्या आतला फोटो काढायचा कॅमेरा देई. फोटो इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या सर्व्हरवर जाई. तिथला प्रोग्राम 'ठीक' किंवा 'शंका' असं कळवी, आणि शंकेचे फोटो नांदेडचे डोळ्यांचे डॉक्टर स्वतः पाहत. सर्व्हर एक, केंद्रं अकरा. त्याची ताकद सगळ्यांत वाटून देणं हे माझं काम.

माझा नियम साधा होता. जो फोटो आधी पोचेल तो आधी तपासायचा. कुणाला झुकतं माप नाही, याचा मला थोडा अभिमानच होता.

एका सकाळी हिमायतनगरच्या पलीकडच्या केंद्रातून सिस्टरांचा फोन आला. "म्याडम, एक मावशी तिसऱ्या खेपेला परत चालल्यात. रिपोर्टच येईना."

मी समोरच्या स्क्रीनकडे पाहिलं. अकराही दिवे हिरवे. "सिस्टर, इथं तर सगळं चालू दिसतंय."

"मग तुम्हीच या एकदा. तिथं बसून काय कळणार?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. तरी दोन दिवसांनी एसटीने हिमायतनगर गाठलं आणि तिथून जीपने पुढे गेले. केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. सिस्टरांनी त्या मावशींनाही बोलावून घेतलं होतं. पन्नाशीच्या असतील. लोकांच्या रानात कापूस वेचायला जात, आणि इथं यायचं म्हणजे त्या दिवसाचं काम बुडे.

सिस्टरांनी फोटो काढला, पाठवला. लॅपटॉपवरची निळी पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. नेट गेलं. दहा मिनिटांनी आलं, तेव्हा पट्टी पहिल्यापासून सुरू झाली आणि रांगेतला नंबर चारवरून अडतीसवर गेला. मग पुन्हा नेट गेलं.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. वाटेत तुटलेला फोटो रांगेच्या शेवटी टाकायचा, ही ओळ मीच लिहिली होती. ज्याचं नेट कच्चं, त्याची पाळी कधी येणारच नव्हती. शिवाय जुने फोटो दाखवून प्रोग्रामला शिकवायचं आमचं स्वतःचं जड काम मी सकाळी दहाला लावून ठेवलं होतं. का, तर मी ऑफिसला दहाला येते! केंद्रांत गर्दीही नेमकी दहालाच असते.

"काय झालं, बाई?" मावशींनी विचारलं.

दोष नेटवर ढकलता आला असता. "चूक माझी आहे, मावशी. मी रांगच चुकीची लावली."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग नीट करा की. येतंय न्हवं तुमाला?"

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. "हाव," मी म्हणाले.

दुपारी सिस्टरांनी डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवली. मी विचारलं, "तुम्ही गर्दी कशी आवरता?"

"लांबून आलेल्याला अन् तापानं फणफणलेल्याला पुढं घेते. बाकीच्याला कारण सांगते. सांगितलं की कोणी भांडत न्हाई."

मी ते वहीत लिहून घेतलं.

नांदेडला परतल्यावर आमच्या संस्थेच्या सरांपुढे बेत मांडला. तुटलेल्या फोटोची जागा राखून ठेवायची. लांबून आलेलं माणूस केंद्रात थांबून असेल, तर त्याचा फोटो आधी घ्यायचा. शिकवण्याचं काम रविवारी करायचं. आणि प्रत्येक केंद्रात एक छोटा संगणक ठेवून पहिली तपासणी तिथंच करायची, म्हणजे फक्त शंकेचेच फोटो वर जातील.

"आणि त्या छोट्यानं खराब डोळ्याला ठीक म्हटलं तर?" सरांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. मग दोन महिने आम्ही प्रत्येक फोटो दोन्हीकडे तपासला. छोट्याला इतकं भित्रं केलं, की जरा काही वेगळं दिसलं तरी त्यानं 'शंका' म्हणावं.

पहिला छोटा संगणक, म्हणजे आमच्या तोंडी 'डबा', घेऊन मी सिस्टरांकडेच गेले. लसींच्या फ्रिजच्या बॅटरीवर तो जोडायला निघाले, तर त्या आडव्या आल्या. "तिला हात लावायचा न्हाई. लसी पहिल्या." त्यांचं बरोबर होतं. डब्यासाठी वेगळी बॅटरी आणली. तालुक्याच्या मोठ्या केंद्रातले डॉक्टर मात्र चिडले. आमचे रिपोर्ट आता मागे का पडतात, म्हणाले. मी तिथं गेले आणि समोर लांबून आलेला माणूस बसून असेल तर त्याचा फोटो आधी घेतो, हे समजावलं. ते लगेच मानले नाहीत. महिनाभराने त्यांनीही डबा मागितला.

काम बुडवून मावशी मधल्या काळात पुन्हा आल्या नव्हत्या; बोलावून घेऊन त्यांचा फोटो त्या पहिल्याच दिवशी पुन्हा काढला. छोट्या संगणकाने क्षणात 'शंका' दाखवली. शंकेचा फोटो आता रांगेत अडकला नाही, आणि तासाभरात नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. डाव्या डोळ्यात आत रक्त झिरपायला लागलं होतं. "वेळेत आलंय, लेझरनं थांबेल," ते म्हणाले. मावशी आठवड्याने लेझरसाठी नांदेडला आल्या. दवाखान्यात मी बरोबर होते.

"दुसऱ्या बायांचं बी बघता का?" बाहेर येताच त्यांनी विचारलं. पुढच्या महिन्यात त्या आपल्यासोबत वेचणी करणाऱ्या सहा जणींना घेऊन केंद्रावर गेल्या. सहाही जणी जेवायच्या वेळेआधी घरी पोचल्या, असं सिस्टरांनी कळवलं.

आता लातूर जिल्ह्यातही काम सुरू झालंय. मागच्या महिन्यात अहमदपूरकडच्या एका केंद्रात डबा बसवला. तिथल्या सिस्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "नेट गेल्यावर काय करायचं?"

मी उत्तर न देता नेटची वायर काढली आणि म्हटलं, "काढा फोटो."