भगवतीपुढे अडलेले गाऱ्हाणे

धामापूरच्या भगवतीसमोर मी एकदा खोटे बोललो. ते खोटे तिने चालू दिले नाही, म्हणूनच आज माझी पत्नी माझ्यासमोर बसून तांदूळ निवडते आहे, अशी माझी श्रद्धा आहे. इतरांनी तसे मानावे असा माझा आग्रह नाही.

स्वराज्य येऊन दहा-बारा वर्षे झाली होती. आमच्या घरात शिकलेला पहिला मीच. कोल्हापुरात लोकांच्या घरी राहून बी.ए. झालो आणि कट्टा गावाजवळच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. लग्नाला तीन वर्षे होतात न होतात तोच पत्नीला मोठा ताप आला. ताप उतरला, पण कमरेखालची शक्ती गेली. तिला आपली कूससुद्धा बदलता येईना. माझी आई नव्हती आणि पत्नीच्या माहेरी फक्त थकलेले वडील होते. तेव्हा तिचे सगळे मी करू लागलो. आंघोळ, कपडे, शौचाचे भांडे, केसांतला गुंता, सगळे काही. तांबडे फुटण्याआधी विहिरीवर जाऊन तिची लुगडी धुवायचो, कारण पुरुषमाणूस बायकोची लुगडी धुतो हे कोणी पाहू नये असे मला वाटे. शेजारच्या काकी कुडणापाशी, दोन घरांमधल्या कुंपणाजवळ, उभ्या राहून चौकशी करत. मी "बरी आसा" म्हणून दार लोटून घेई. तिच्याविषयी माया होती, कंटाळा कधी आला नाही. पण कुणाकडे मदत मागणे म्हणजे आपण कमी पडलो असे सांगणे, ही समजूत मनात घट्ट बसली होती.

मग तिच्या पाठीला जखम झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की दर दोन तासांनी कूस बदलायलाच हवी, नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल आणि मग हाती काही राहणार नाही. मी अकरा ते पाच शाळेत. दुपारच्या सुट्टीत धावत येऊन तिला वळवायचो, पण ते पुरत नव्हते. शिवाय ओढताना कातडी सोलवटायची. ती ओठ दाबून घ्यायची आणि वर मलाच विचारायची, "तुमी जेवलात?"

एका रविवारी तिला सकाळी नीट वळवून, उशाशी पाणी ठेवून मी नारळ घेऊन धामापूरला चालत गेलो. आमच्याकडे देवाजवळ मनातल्या मनात मागून भागत नाही. आपली अडचण देवळातल्या मानकऱ्याच्या, गावकाराच्या, कानी घालायची. तो ती देवापुढे मोठ्याने मांडतो, म्हणजे गाऱ्हाणे घालतो, आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. गावकार आजोबांनी मला विचारले, "देवीक काय सांगूचा?" आठ-दहा माणसे उभी होती. मी म्हणालो, "नोकरीत बढती होया."

आजोबांनी नारळ हाती घेऊन सुरुवात केली. दोन वाक्ये झाली, दोनदा "व्हय म्हाराजा" झाले आणि ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले आणि पुन्हा तिथेच अडले. उभा जन्म गाऱ्हाणी घातलेला माणूस. त्यांनी नारळ खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माका शब्द गावणत नाय. तू काय लपयतंस रे बाबा?"

मला रडू फुटले. चारचौघांत कधी न रडलेला मी, लुगडी, भांडे, जखम सगळे सांगून मोकळा झालो. कोणी हसले नाही. आजोबांनी नारळ उचलला. आता त्यांचे शब्द सरळ येत होते. "आई भगवती, ह्या तुझ्या लेकराची बायल हांथरुणार आसा. हो एकटो तिचा सगळा करता आणि लाजता. तेची लाज तू घे आणि तिका उठय गे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." ते शब्द पाठीवर हात ठेवावा तसे वाटले.

परत निघालो तर त्या माणसांतला एक म्हातारा मागून आला. गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून आयुष्य काढलेला, अंगाने काटक. त्याचीही बायको तीन वर्षे अंथरुणाला होती. तो म्हणाला, "माका कोणी इचारल्यान नाय, मीव कोणाक सांगूक नाय. ती गेली." एवढे बोलून तो माझ्यासोबत थेट घरापर्यंत चालत आला. पडवीत घोंगडी पसरून त्याने मलाच आडवे केले. अंगाखाली दुमडलेली चादर घालून, एक कड धरून, जड शीड आवरावे तसे त्याने मला अलगद कुशीवर वळवले. आतून पत्नीचा हसण्याचा आवाज आला. कित्येक महिन्यांनी आला.

त्याच संध्याकाळी मी स्वतः कुडण ओलांडून काकींकडे गेलो. शाळेच्या वेळेत तिला वळवायला याल का, एवढे विचारायला मला फार वेळ लागला. काकींनी हातातले सूप खाली ठेवले. मग म्हणाल्या, "बी. ए. झालंस, पण हाक मारूक शिकलंस नाय. मी आठ म्हयने कुडणाकडे काय गवत मोजी होतंय?"

दुसऱ्या दिवसापासून काकी येऊ लागल्या. चादरीची युक्ती त्या माझ्याआधी शिकल्या. शिमग्यापर्यंत जखम भरली. पुढच्या भातकापणीच्या सुमारास पत्नी भिंतीला टेकून बसू लागली. चालणे मात्र काठीच्या आधारानेच, तेही चार पावले. ते चार पावलांचे दानही मला मोठे वाटते.

शरण जाणे म्हणजे देवापुढे डोके टेकणे असे मी समजत होतो. ते मी रोज करत होतो. आपली अडचण दुसऱ्या माणसाच्या तोंडून मोठ्याने ऐकणे आणि दार उघडे ठेवणे, हे मला जमत नव्हते. ते देवीने करून घेतले.

लुगडी मी अजून धुतो, पण ऊन वर आल्यावर, सगळ्यांच्या देखत. आणि वर्षातून एकदा धामापूरला जातो, स्वतःसाठी काही मागत नाही. जमलेल्या माणसांत उभा राहतो. कोणी अनोळखी माणूस नारळ घेऊन पुढे आला आणि त्याचे गाऱ्हाणे सुरू झाले की शक्य तितक्या मोठ्याने म्हणतो, "व्हय म्हाराजा."