‘ए’ची आडवी रेघ

एर्मेते झुक्कीला सात आठवडे धड एका जागी बसवत नव्हतं. छपाईच्या खिळ्यांसाठी पोलादी कांडीवर उलटं अक्षर कोरायचं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. पार्मा शहरात असा हात दुसरा नाही, असं तो म्हणायचा. खरं तर लोकही म्हणायचे. पण छापखान्याचे मालक गांदोल्फी यांना या वेळी भलतेच डोहाळे लागले होते.

"जाड रेघ जाडच राहू दे, बारीक मात्र केसासारखी कर. अक्षरांचे पायही नाजूक हवेत. जुनी अक्षरं म्हणजे लाकडी बूट घालून उभी राहिल्यासारखी!"

"मालक, प्रार्थनेचं पुस्तक आहे. म्हातारी माणसं वाचणार."

"सरदारांच्या घरी जाणार आहे ते. त्यांना चष्मे परवडतात."

एर्मेतेच्या घरी चष्मा नव्हता. त्याची बायको डोमितिल्ला ही गल्लीतली वाचता येणारी एकुलती एक बाई. संध्याकाळी पाच-सहा शेजारणी जिन्यावर जमायच्या आणि ती प्रार्थना वाचून दाखवायची. जुनं पुस्तक ओलीने कुजलं होतं. आता नवऱ्याच्या अक्षरांतलं वाचणार, हे ती गल्लीभर सांगून बसली होती.

शेवटी राहिला ‘ए’, म्हणजे रोमन लिपीतला ‘e’, ओळीत दहादा येणारा. एर्मेतेने ठसा मेणबत्तीवर धरून काजळवला, कागदावर दाबला आणि कागद बायकोला दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला, मग खिडकीशी नेला.

"अहो, मधली आडवी रेघ राहिली की काय?"

"आहे गं. नीट बघ."

"असेल बाई."

ते ‘असेल’ त्याच्या जिवाला लागलं. तो बाहेर जाऊन आला, कानस उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. नवी कांडी घेऊन रेघ जरा जाड ठेवता आली असती. मालक ओरडले असते, एवढंच. पण खोटं कशाला बोला? त्या केसभर रेघेवर त्याचाच जीव जडला होता. दुसऱ्या कुणाला ती जमलीच नसती. त्याने ठसा लालबुंद तापवला आणि पाण्यात बुडवला. चर्र झालं. पोलाद टणक झालं, आता त्यावर कानस चालणार नव्हती.

पुस्तक ऑक्टोबरात आलं. ज्याने त्याने वाहवा केली. संध्याकाळी जिन्यावर डोमितिल्लाने ते उघडलं आणि सांजप्रार्थना म्हटली, कुठेही न अडखळता. तिचं बोट ओळीवरून नीट सरकत होतं. एर्मेतेचा जीव भांड्यात पडला. कौतुकाने तो तिच्या खांद्यावरून वाकला, आणि तसाच राहिला. उघडलेलं पान मृतांसाठीच्या प्रार्थनेचं होतं.

शेजारणी पांगल्यावर तो तिच्याजवळ टेकला.

"डोमी, ते पान..."

"चुकलं का? बरं झालं, त्यांना वाचता येत नाही." तिने पुस्तक मिटून मांडीवर घेतलं. "अक्षरं फार देखणी झालीत हो. सगळ्याजणी म्हणत होत्या."

त्याने तिच्या मांडीवरच्या पुस्तकावर हात ठेवला.

"नव्या प्रार्थनाही आहेत म्हणे यात," ती म्हणाली. "रोज सकाळी मला एकेक वाचून दाखवा. पाठ झाली की संध्याकाळी मी वाचीन."