मसाला संपला होता, पत्रं चालू होती

आमच्या मसाल्याचं पहिलं ईमेल पत्र मी एकाच सकाळी तीनदा पाठवलं. मुद्दाम नाही. 'पाठवा'वर बोट ठेवलं, पडद्यावर एक चकरी फिरायला लागली आणि ती थांबेना. मला वाटलं गेलंच नाही, म्हणून पुन्हा दाबलं. पुन्हा चकरी. मग झरीच्या रस्त्यावर गाडी बंद पडल्यावर मी जशी किक मारतो तसं जरा रागानंच दाबलं, आणि तीनही पत्रं एकदम सुटली. थोड्या वेळानं एका गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, "पोहोचलं. तिन्ही पोहोचली."

ही ईमेलची कल्पना माझ्या मेहुण्याची. त्याचं परभणीत स्टेशनच्या बाजूला ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे, त्यामुळे इंटरनेटच्या बाबतीत आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा. संध्याकाळी आला, माझा पराक्रम पाहिला आणि म्हणाला, "दाजी, आठवड्याला एक पत्र म्हटलं होतं मी. महिन्याचा कोटा सकाळीच उरकायला न्हाई सांगितलं."

मसाला माझा नाही, बायकोचा. मी झरीला शाळेवर मराठी शिकवतो आणि घरी आल्यावर मसाल्याच्या कामात जमेल तेवढा अडथळा आणतो. ती उन्हाळ्यात काळा मसाला करते. गच्चीवर मिरची वाळते, घरभर खोबरं आणि दगडफूल भाजल्याचा वास सुटतो, शेजारचे शिंकतात आणि नंतर वाटीभर मागून नेतात. परभणी सोडून पुण्याला, नाशिकला, हैदराबादला गेलेली माणसं तो मागवतात. ही सुरुवात एका निवृत्त बाईंपासून झाली. त्या बायकोला शाळेत शिकवायच्या. आता मुलाकडे नाशिकला असतात. त्यांनी एकदा मागवला, मग त्यांच्या ओळखीच्यांनी, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांनी. बायकोनं आजवर कुणाला "घ्या" म्हटलेलं नाही. लोक फोन करतात, ती "बघते" म्हणते, लोक पुन्हा फोन करतात. दिवाळीच्या आसपास मसाला संपतो. मग उशिरा जागं झालेल्या कुणाचा फोन आला की ती म्हणते, "संपला की हो." हे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो मसाला विकताना मी कधी पाहिला नाही.

मेहुण्याचं म्हणणं, असं चालत नाही. धंदा छोटा असला तरी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे. व्हॉट्सअॅपवर नको, तिथं शुभ सकाळच्या फुलांत मसाला हरवतो. ईमेलला वजन असतं. बायकोनं एवढंच विचारलं की लिहिणार कोण, आणि दोघंही माझ्याकडं बघायला लागले. पाठ्यपुस्तकाबाहेरचं लिहायची संधी मला इतक्या वर्षांत कुणी दिली नव्हती. मी लगेच हो म्हणालो.

पण किती दिवसांनी लिहायचं, हे काही केल्या कळेना. मेहुणा म्हणे दर आठवड्याला, न्हाईतर लोक विसरतात. मी इंटरनेटवर शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, आठवड्याला एक. दुसऱ्या ठिकाणी, महिन्याला एक, त्याहून जास्त केलंत तर लोक वैतागतात. तिसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं की ते ज्याच्या त्याच्या धंद्यावर आहे. हे वाचायला मी अर्धा तास घातला होता. आमच्या गल्लीत कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक राहतात, त्यांना विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, वर्षाला दोन. एक खरिपाचं, एक रब्बीचं. "आणि पाण्याची सोय असंल तर एक उन्हाळी." मसाल्याला खरीप-रब्बी कसं लावायचं हे मला कळलं नाही, पण त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की मी मान डोलावली.

शेवटी मी गिऱ्हाइकांनाच पत्र लिहून विचारलं, की आम्ही पत्र किती दिवसांनी पाठवावं. एकाचं उत्तर आलं, "छान उपक्रम." दुसऱ्याचं, "मसाला कधी?" तिसऱ्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते हात 'पाठवा' म्हणून जोडलेत की 'पुरे' म्हणून, यावर मेहुण्यात आणि माझ्यात चहा गार होईस्तोवर चर्चा झाली.

मग आठवड्याला एक ठरलं, मेहुणा मोठ्यानं बोलतो म्हणून.

तेव्हा हिवाळा होता. घरात मसाल्याची चिमूटही उरलेली नव्हती. तसं लिहावं म्हटलं तर मेहुणा नाही म्हणाला. पत्रात 'संपला' असं कधी लिहायचं नाही, गिऱ्हाईक तोंड फिरवतं. 'लवकरच' लिहायचं. मी खाली 'लवकरच' लिहायला लागलो. पण वर काय लिहायचं? नसलेल्या मसाल्यावर माणूस किती लिहिणार. एका आठवड्यात धणे कसे निवडावेत ते लिहिलं, तेही बायकोला विचारून. पुढच्या आठवड्यात येलदरीला गेलो होतो ते लिहिलं. धरणाच्या भिंतीवरून पाणी बघणं, खाली मासे विकणाऱ्या बाईशी भाव करताना झालेली माझी हार, घरी आणेपर्यंत पिशवीला सुटलेला वास. त्यानंतर तुरीच्या शेंगा उकडण्यावर लिहिलं. मग कायम बंदच असणाऱ्या आमच्या रेल्वे फाटकावर. मसाल्याचा आणि फाटकाचा संबंध लावताना मला घाम फुटला, पण लावला. दर पत्राच्या शेवटी सवयीनं 'आपली आठवण येते' असं लिहायचो. शेवटी काहीतरी लिहावं लागतं.

आणि आश्चर्य म्हणजे मागण्या यायला लागल्या. कधी नव्हे ते भर हिवाळ्यात. नेहमी एक पुडा घेणारे दोन मागायला लागले. कुणी लिहिलं, "जेवढा असेल तेवढा पाठवून द्या." कुणी लिहिलं, "काळजी करू नका." हे 'काळजी करू नका' मला जरा विचित्र वाटलं, पण मी ते कौतुक समजलो. मेहुणा तर हवेतच होता. बायकोला मी सांगितलं की सगळ्यांना थांबायला सांगू, पण बघ, पत्रानं काय होतं ते. ती म्हणाली, मसाला नसताना लोक मागायलेत हे तिला कळंना. मी म्हणालो, यालाच जाहिरात म्हणतात.

रविवारी दुपारी बाईंचा नाशिकहून फोन आला. बायको मेथी निवडत होती, हात ओले म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. मी शेजारीच पेपर वाचत होतो. इकडचं तिकडचं झाल्यावर बाईंनी आवाज खाली आणला.

"पोरी, खरं सांग. लय माल पडलाय का गं?"

बायको म्हणाली, "कसला माल, बाई?"

"मसाला गं. दर रविवारी पोरगा मला तुमचं पत्र वाचून दाखवतो. तुझा मसाला मागून मिळायचा न्हाई, आन् आता आठवड्याला पत्र. कधी मासे, कधी फाटक, खाली 'आपली आठवण येते'. आमी समजलो काहीतरी अडलंय. जावईबापूंची नोकरी ठीक हाय ना? लाजू नको. मी आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय, दोन-दोन पुडे घ्या म्हणून. चांगल्या घरची पोर हाय, म्हटलं, तोंडानं सांगायची न्हाई."

मी पेपर वर केला. समोर कुठलं पान होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

बायकोनं बाईंना सांगितलं की सगळं ठीक आहे, नोकरी आहे, माल पडलेला नाही. बाई "बरं बरं" म्हणाल्या, पण ते ज्याला खोटं वाटतं त्याचं "बरं बरं" होतं. फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. उरलेली मेथी निवडली. मग चहा केला, एकच कप, आणि तो घेऊन गच्चीवर गेली. संध्याकाळी फक्त एवढं म्हणाली की यंदा बाहेरच्यांसाठी मसाला करायचा नाही. घरापुरता करायचा. "मागून न्यायचे लोक. आता दया म्हणून घेतेत. तसला मसाला मला भाजायचा न्हाई."

आता मी काय करावं? लोकांना कळवायला हवं की आमचं सगळं बरं आहे, आम्ही उगीच पत्रं लिहीत होतो. पण ते कळवायचं म्हणजे आणखी एक पत्र लिहायचं. मेहुणा म्हणाला, लिहा, 'आम्ही अडचणीत नाही.' मी म्हटलं, असं कोण लिहितं? जो अडचणीत आहे तोच लिहितो. प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, मी रब्बीचं सांगितलं होतं. कितीतरी वेळा मजकूर लिहिला आणि पुसला. शेवटी काहीच पाठवलं नाही. मागण्या आलेल्यांना एकेकाला नम्रपणे कळवलं की सध्या मसाला नाही, आणि गप्प बसलो.

होळी गेली. बाजारात मिरची आली. बायको भाजी घेऊन मिरचीच्या गाड्यांसमोरून सरळ निघून यायची. मी एकदा म्हटलं की रंग चांगला दिसतोय यंदा. ती म्हणाली, दिसू द्या.

आणि मग फोन यायला लागले. पहिला पुण्याहून. गेल्या कितीतरी दिवसांत पत्र नाही, सरांची तब्येत बरी आहे ना? दुसरे एक गृहस्थ फारच मोघम बोलत होते. फोन मीच उचलला हे कळल्यावर त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की त्यांनी मला मनातल्या मनात कुठवर पोचवलं होतं ते कळलं. आठवड्याला लिहिलं तर नोकरी जाते, नाही लिहिलं तर जीव. यातलं मधलं अंतर नेमकं किती दिवसांचं, हे मला आजही कुणी सांगावं.

शेवटी बाईंचा फोन आला. बायकोनं तो स्पीकरवरच घेतला. या वेळी त्यांनी अडचणीचं विचारलं नाही. फाटकाचं विचारलं. ते आता उघडलं का, म्हणाल्या. रविवारी मुलगा फोन घेऊन बसतो आणि आज काही आलं नाही म्हणतो, दुपार जात नाही. सोसायटीतल्या बायकांचं त्या सांगत होत्या, त्यांनाही तेच. मी हळूच बायकोकडं पाहिलं. तिचा चेहरा अजून बंद होता.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आन् हे बघ, मसाला करशील तवा माझा आधी काढून ठेव. दोन सालाखाली दिवाळीनंतर फोन केला तर संपला म्हणालीस. तू माझी सून असतीस तर भांडले असते तुझ्याशी."

बायकोनं फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग तिचा तो जुना आवाज आला.

"बघते, बाई. अजून मिरचीच आणली न्हाई."

बाई म्हणाल्या, बघते-बिघते नको, काढून ठेव. बायको पुन्हा म्हणाली, बघते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरची आणली. गच्चीवर जुनी साडी अंथरून ती पसरली आणि देठं काढायला बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचंच. मी जरा वेळ पाहून विषय काढला. म्हटलं, बाई वाट बघतात, लोकही विचारतात, तर मग आता पत्र दर आठवड्याला लिहू, की महिन्याला, की प्राध्यापक म्हणतात तसं?

तिनं मिरच्यांचा एक ढीग माझ्याकडं सरकवला. "लिहा की रोज लिहा," ती म्हणाली, "फाटकाचं लिहा, माशांचं लिहा. मसाल्याचं एक अक्षर नको. आन् कवा पाठवायचं ते मी सांगन. तवर देठं काढा."