घाटापुरती सूट

सलग चौथ्या दिवशी हेल्मेटवर तोच गोविंदा पथकाचा स्टिकर दिसला, तेव्हा मी मोबाइल टेबलावर आपटला. नऊ वाजता ते हेल्मेट चोरगे सिस्टरांच्या डोक्यावर होतं. नऊ पाचला लॅबवाल्या पवारच्या. नऊ दहाला शिपायाच्या, आणि सव्वानऊला आमच्या क्लार्कच्या. प्रत्येक फोटोत डावीकडे तोच ओरखडा आणि त्याच्यावर तोच स्टिकर.

मी तेव्हा पोलादपूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. आता निवृत्त होऊन महाडला घरी बसलोय. बसलोय हे म्हणायला. एका जागी बसणं मला नोकरीतही जमलं नाही आणि आताही जमत नाही.

आदेश वरून आला होता. दुचाकीवर येणाऱ्या प्रत्येकाने हेल्मेट घालायचं आणि रोज सकाळी हेल्मेटसकट स्वतःचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ज्याचा फोटो नाही त्याचा खुलासा घ्यायचा. खुलासा म्हणजे 'का केलं नाही ते लेखी द्या' असा सरकारी प्रकार. दोन खुलासे झाले की प्रकरण वर जातं.

आमच्या लोकांनी त्यावर सोपा उपाय काढला. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीत एक जुनं हेल्मेट खिळ्याला टांगून ठेवलं. यायचं, घालायचं, फोटो काढायचा, परत टांगायचं, चहा प्यायचा.

मी सगळ्यांना समोर उभं केलं.

"सर, आम्ही खोटं काय केलं?" चोरगे सिस्टर म्हणाल्या. "फोटोत हेल्मेट डोक्यावरच आहे ना?"

"गाडीवर असताना डोक्यावर हवं, सिस्टर!"

"ते माझ्या डोळ्यांवर घसरतं. ते घालून गाडी चालवली तर पहिल्याच वळणाला पडेन मी."

यात तथ्य होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. कपाटातून बाळांच्या डोक्याचा घेर मोजायची टेप काढली आणि तिथल्या तिथे सगळ्यांची डोकी मोजली. माप चिठ्ठीवर लिहून ज्याच्या त्याच्या हातात दिलं. आठ दिवसांत प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाचं हेल्मेट पाहिजे, म्हणालो. आलं. कुरकुर करत, पण आलं.

राहिले फक्त उतेकर. त्यांनी एकही फोटो टाकला नव्हता. टपरीवरचासुद्धा नाही.

तानाजी उतेकर आमचे आरोग्य सेवक. म्हणजे गावोगाव फिरून तापाच्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेणारा, पिण्याच्या विहिरीत जंतुनाशक पावडर पडली की नाही ते बघणारा माणूस. पन्नाशी उलटलेली. आंबेनळीच्या रस्त्याला लागून पार कुडपणपर्यंतच्या वाड्या त्यांच्याकडे होत्या. कुठल्या घरात कोण म्हातारं एकटं आहे, कोणाचा मुलगा मुंबईहून ताप घेऊन आलाय, हे त्यांना तोंडपाठ. आणि हेल्मेट त्यांच्याकडे होतं. मुलाने मुंबईहून आणलेलं, चांगलं, कान झाकणारं. ते बहुतेक वेळा त्यांच्या कोपरात अडकवलेलं असायचं.

"फोटो का नाही, उतेकर?"

"घाटात घालत नाय, तर फोटो कशाला टाकू, सायेब? हायवेला घालतो. पोलीस नसला तरी घालतो. पन घाटात नाय."

"का?"

"ऐकू येत नाय."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण ते शांतपणे सांगत राहिले. "पावसाळ्यात दरड एकदम येत नाय. आधी बारीक खडे सुटतात. त्यांचा आवाज येतो, तेवढ्यात गाडी थांबवता येते. टोपात आपलाच श्वास घुमतो नुसता. वर काचेवर धुकं धरतं ते येगळंच."

मी त्यांना डॉक्टरी सुनावली. कवटी म्हणजे काय, आत मेंदू कसा आदळतो, सगळं. शेवटी म्हणालो, "डोकं तुमचं असलं तरी टाके मला घालावे लागतात."

"डोकं माझं हाय ना? मग मला ठरवू द्या."

मी खुलासा घेतला. त्यांनी सुवाच्य अक्षरात एकच ओळ लिहिली, 'घाटात ऐकणे आवश्यक असल्याने हेल्मेट वापरत नाही.' खाली सही. मी तो कागद वर पाठवला आणि तासाभरात वरिष्ठांचा फोन आला.

"हा माणूस खुलाशात भांडतोय का?"

"नाही सर. खरं लिहितोय."

"खरं कोणी विचारलंय? दुसरा खुलासा घ्या आणि फिरतीवरून काढा त्याला. टेबलावर बसवा."

हे ऐकून मी खुर्चीतून उठलो आणि खोलीत फेऱ्या मारायला लागलो. उतेकरांना टेबलावर बसवलं तर वरच्या वाड्यांत जाणार कोण? तापाचे दिवस होते. नवा माणूस फाट्यापर्यंत जाऊन परत आला असता. आणि उतेकरांना मी ओळखत होतो. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "सायेब, टेबलावर बसवलंत तर मी संपलो. मला रजिस्टर लिहिता येतं, पन त्यात जीव नाय माझा."

"उद्या तुमच्या मागे मी बसतो," मी म्हणालो. "बघू तुमचा घाट."

दुसऱ्या दिवशी निघालो. मी पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घातलेलं, पुढे उतेकर उघड्या डोक्याने. पाऊस थांबला होता, पण धुकं उतरलं होतं. घाट सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच माझी काच पांढरी झाली. पुसली, पुन्हा पांढरी. वर करावी तर पाणी डोळ्यांत. मला रस्ता दिसत नव्हता, दरी दिसत नव्हती, फक्त उतेकरांचा रेनकोट दिसत होता. मी उगीचच पाय दाबून धरले होते.

एका वळणाच्या अलीकडे उतेकरांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"ऐका."

मला काहीच ऐकू आलं नाही. मी पट्टा काढून हेल्मेट उतरवलं. तेव्हा ऐकू आलं. वर कुठेतरी बारीक टक टक, कोणीतरी मूठभर खडे पत्र्यावर सोडावेत तसं. मग झाडी हलली. पन्नास-साठ पावलांवर पाच-सहा मोठे दगड आणि ढीगभर माती रस्त्यावर आली आणि त्यातला एक दगड कठडा फोडून खाली गेला. खाली पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

मी हेल्मेट हातात धरून फुटलेल्या कठड्याकडे बघत होतो. उतेकर विडी शोधत होते.

मी त्याच संध्याकाळी वरिष्ठांना फोन लावला. जे पाहिलं ते सांगितलं. घाटात तरी या माणसाला सूट द्या, म्हणालो. वरिष्ठांनी ऐकून घेतलं. मग, "लेखी काही मागू नका. तुमच्या स्तरावर बघा."

सरकारी नोकरीत 'तुमच्या स्तरावर' याचा अर्थ, निभावलं तर आमचं आणि बिनसलं तर तुमचं. मला तो अर्थ चांगला ठाऊक होता. कायद्याला सूट देणारा मी कोण, हेही ठाऊक होतं. कायद्यात घाट आणि सपाटी असा भेद नाही. तरी मी फिरती रजिस्टरात उतेकरांच्या नावापुढे लिहिलं, 'घाटातील भागापुरती हेल्मेटमधून सूट.' खाली सही ठोकली. त्या सहीचा मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. ऑफिसात बसून आदेश काढणाऱ्यांपेक्षा आपण प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, असा तो ताठा होता.

"घाट उतरला की पहिल्यांदा हेल्मेट," मी बजावलं.

"व्हय, सायेब."

चोरगे सिस्टर म्हणाल्या, "मग मलापण द्या सूट. माझे केस बिघडतात." मी त्यांच्यावर ओरडलो आणि रजिस्टर मिटलं.

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. उतेकर वर गेले की मी ओपीडीत पेशंट तपासता तपासता घड्याळाकडे बघायचो. वर रेंज नाही. चार वाजले की व्हरांड्यात, साडेचारला फाटकाशी. गाडीचा आवाज आला की आत येऊन बसायचो, जणू काही झालंच नाही. असं पंधरा-वीस दिवस चाललं.

मग एका स्वच्छ दिवशी पाच वाजून गेले तरी ते आले नाहीत. ऊन पडलं होतं. माझ्या डोक्यात दरडीशिवाय दुसरं काही नव्हतं. मी अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला घाटाकडे चला म्हणणार, तेवढ्यात एक रिक्षा फाटकातून आत आली. मागे उतेकर आडवे होते.

घाटात काहीच झालं नव्हतं. घाट ते नीट उतरले होते. खाली सरळ, सपाट रस्त्यावर म्हशी घरी चालल्या होत्या, त्यातलं एक पारडू मध्ये आलं. गाडीला वेगसुद्धा नव्हता. उतेकर उजव्या अंगावर पडले आणि डोकं डांबराला लागलं. हेल्मेट कोपरात होतं. त्याला एक चराही गेला नव्हता.

"पाच मिन्टांचा तर रस्ता होता, सायेब," ते पुटपुटले. मग ओकले.

उजव्या कानातून रक्त येत होतं. लोकांना वाटतं कान फुटला. डोक्याला मार लागून कानातून रक्त आलं, तर डॉक्टरला वेगळी भीती वाटते. कानामागचं, कवटीच्या तळाचं हाड मोडलेलं असू शकतं. मी सलाईन लावलं, मान धरली आणि अॅम्ब्युलन्समध्ये त्यांच्या शेजारी बसून महाडला गेलो. तिथून त्यांना मुंबईला हलवलं. सगळ्या वाटेत मी त्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारत होतो आणि मनात माझीच सही दिसत होती.

विद्यार्थी डॉक्टर आमच्याकडे शिकायला यायचे, त्यांना मी कायम सांगायचो की एका पेशंटला गुण आला म्हणून औषध सिद्ध होत नाही. आणि मी एका दगडावरून नियम ठरवला होता. तो दगड खरा होता. उतेकरांचं म्हणणंही खरं होतं. पण काढलेलं हेल्मेट माणूस पुन्हा घालत नाही, हे मला कोणत्याही हायवेवर उभं राहून कळलं असतं.

ते वाचले. तीन महिन्यांनी कामावर आले, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. मी खुर्ची पुढे केली.

"उजवा कान गेला," ते म्हणाले. "डाव्यानं येतं ऐकू. पन आवाज कुठनं येतोय ते कळत नाय. वरनं का खालनं, काय पन कळत नाय."

एका कानाने ऐकणाऱ्याला आवाजाची दिशा लागत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सूट मी मागितलेली."

"मी दिली, उतेकर."

"आता टोप घालतो ना. घाटात पन घालतो. उघड्या कानाचा आता उपेग काय? मला वर पाठवा, सायेब."

मी फिरती रजिस्टरातून त्यांचं नाव काढलं. मग त्यांना टेबल दिलं. मी निवृत्त होईपर्यंत ते तिथेच बसून रजिस्टर लिहीत होते. उजवीकडून कोणी हाक मारली की डावीकडे बघायचे.

काय मागायचं ते मागणाऱ्याच्या मर्जीवर असतं. सही मात्र आपल्या मर्जीने होते.