टोरीचं तेल आणि जहीर मिस्त्री

धानोऱ्याच्या बसस्टँडमागे जहीर मिस्त्रीचं दुकान आहे. पाणी ओढायचा पंप असो, फवारणीचा असो, नाहीतर लाकूड कापायची कटर. आसपासच्या प्रत्येक इंजिनानं आयुष्यात एकदा तरी या दुकानाची पायरी चढलेली. इथून नीट होऊन गेलेली मशीन त्याच दुखण्यासाठी एकतीस वर्षांत परत आली नाही, असं मिस्त्री सांगतो, आणि कुणी विचारायच्या आधी सांगतो. माणूस हुशार, यात वाद नाही. खोड एकच. ‘माझ्याजवळ नाई’ हे त्याच्या तोंडून निघत नाही. सामान नसलं तर गिऱ्हाइकाला सल्ला देतो, पण रिकाम्या हातानं पाठवत नाही.

या डिसेंबरात मात्र एक कटर तिसऱ्यांदा आली. ती अठरा किलोमीटर आतल्या एका गावच्या ग्रामसभेची. रस्त्यावर पडलेली झाडं तोडायला घेतलेली, आणि तिचा ताबा दादाजीकडे. दादाजी साठीचा, धान पिकवणारा. गावानं त्याच्यावर जन्मात सोपवलेली ही एकच जबाबदारी, म्हणून पोत्यात गुंडाळलेली मशीन तो एसटीत मांडीवर घेऊन बसायचा.

“सकाळी चालू होते भाऊ, पन रेस देली का घुरघुर करते अन् बसते,” दादाजी म्हणाला.

मिस्त्रीनं दोरी ओढली. दुपारचं ऊन होतं, मशीन वाघासारखी गरजली. पहिल्या खेपेला त्यानं प्लग बदलला होता, दुसऱ्या खेपेला कार्बोरेटर धुतला होता. आता उघडायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं दादाजीलाच दोष दिला.

“मशीन चोख आहे. तुमचं बोटच बरोबर दाबत नाई.”

दादाजीनं बिचाऱ्यानं आपलं बोट उलटसुलट करून पाहिलं. “सोमवारी सभा आहे,” तो म्हणाला. “गावातला तो पोरगा निकेश म्हणते, म्हाताऱ्यापाशी मशीन खराब होऊन राह्यली, मले द्या. त्या दिवशी नाई चालली त माझ्या हातची गेली.”

रात्री मिस्त्रीला घास गोड लागेना. दादाजीची मशीन जाईल ती जाईल, पण एकतीस वर्षांचं नाव? बायको खैरुन भाकरी वाढता वाढता म्हणाली, “मशीन उधर बंद पडती और आप इधर देखते. उधरच काऊन नाई जात?” एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही याचा मिस्त्रीला राग आला, आणि तो त्यानं भाजीवर काढला.

सोमवारी सकाळी कानाला मफलर गुंडाळून तो मोटारसायकलवर गावात पोचला. बोचरी थंडी होती. समाजमंदिरासमोर चाळीसेक माणसं जमली होती, मधोमध ग्रामसभेच्या अध्यक्ष वच्छलाबाई. मिस्त्रीनं दोरी ओढली, रेस दिली. मशीन घुरघुरली आणि बसली.

त्यानं टाकीचं झाकण काढून आत वाकडी तार घातली आणि नळीच्या टोकाची जाळी वर ओढली. जाळीवर तुपासारखा पांढरा थर. नाकाशी नेला. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल! घराघरातल्या शिशीत थंडीच्या सकाळी गोठतं आणि उन्हात पातळ होतं, तेच. दुकानात दुपारी मशीन का चालायची, हे आता त्याला कळलं.

“पेट्रोलात इंजिनचं तेल टाकाचं सोडून टोरीचं कोन टाकलं?” हळू विचारता आलं असतं, पण एकतीस वर्षांचं नाव वाचल्याचा आनंद मोठा होता. मिस्त्री ओरडलाच. लोक हसले, निकेश सगळ्यात जास्त.

दादाजी खाली बघत म्हणाला, “तुम्हीच त सांगतलं होतं, भाऊ. उन्हाळ्यात. दुकानात तेल नोहतं तवा.”

मिस्त्रीला चटकन आठवलं. एप्रिलची दुपार, फळीवर इंजिनच्या तेलाचा एकही डबा नाही, आणि घामानं निथळलेला दादाजी. ‘इंजिनले चिकनाईशी मतलब,’ तो ऐटीत म्हणाला होता. ‘टोरीचं टाका, बिनधास्त.’ त्या उन्हात ते तेल पाण्यासारखं वाहत होतं.

गप्प राहिला असता तर चाललं असतं. दादाजीवर कुणाचाच विश्वास बसला नव्हता. पण मिस्त्रीनं हातातली तार खाली ठेवली. तो उभा राहिला. “खरं आहे. मीच सांगतलं. चूक माझी आहे, त्यायची नाई.”

मग वच्छलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “पाहा! म्हाताऱ्याची इज्जत राखाले आपल्यावर घेऊन राह्यला. असं मन कोनाचं असते का?”

“खोटं नाई बाई, अल्लाकसम!”

जितक्या कसमा खाल्ल्या तितकं त्याचं मन मोठं ठरत गेलं, आणि दादाजीची चूक पक्की होत गेली. शेवटी त्यानं टाकी धुतली, जाळी बदलली, बरोबर आणलेलं तेल मिसळलं. मशीन गरजली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच टाळ्यांत ती निकेशच्या हाती गेली.

दादाजी मोटारसायकलपर्यंत पोचवायला आला. “माझ्यासाठी भरसभेत कसम घेतली तुम्ही,” तो म्हणाला. “मलेच आता वाटते, तुम्ही दुसरं काई सांगतलं असन. मीच इसरलो असन.”

मिस्त्रीनं त्याचा हात धरला. “नाई दादाजीभाऊ. मीच सांगतलं होतं.”

दादाजी हसला, मागं वळून पाहिलं, आणि आवाज खाली आणत म्हणाला, “बस करा भाऊ. इथी आता कोनी आयकून नाई राह्यलं.”