झोपलेलं लेकरू हलवायचं न्हाई

कामशेतच्या मेहमुदामावशीच्या पाळणाघरात लेकरं सोडून टाकव्याच्या कारखान्यांतल्या बाया निर्धास्त कामाला जात. मागच्या तपासणीला अनिता मॅडम बजावून गेल्या होत्या, "नियम भिंतीवर ठळक लावा." मावशीनं लावले. त्यातला पहिलाच होता: झोपलेलं लेकरू कुणी हलवायचं न्हाई.

या खेपेला मॅडमनी दार, संडास, औषधाची पेटी सगळं बघितलं आणि नाक मुरडलं. "मुलांच्या मानानं एक मदतनीस कमी आहे. परवाना अडेल."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाजात साखर. "व्हय मॅडम. वाईच ह्याला धरता? दूध ऊन करते."

छोटा अबरार मॅडमच्या मांडीवर विसावला आणि त्यांची ओढणी मुठीत धरून घोरायलाच लागला.

मॅडम उठू लागल्या. मावशीनं भिंतीवरल्या पहिल्या नियमाकडं बोट केलं.

"अहो, पण कधीपर्यंत?"

"त्याची आई पाळीवरनं येईस्तवर."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. "हळू बोला ना, सर," त्या कुजबुजल्या, "बाळ झोपलंय."

मावशीनं दुसरं पेंगुळलेलं लेकरू आणून त्यांच्या शेजारी टेकवलं. "आता मोजा बरं मदतनीस. पुरतात न्हवं?"